कोल्हापूर–मिरज मार्गाच्या प्रतिकृतीत गाडी वारंवार त्याच जागी थांबते किंवा घसरते: कारणे आणि उपाय

पावसाळा सुरू झाला की घरातील छोट्या रेल्वेचे इंजिन एका ठरावीक जागी अडखळू लागते, रूळ पुसले की दोन दिवस नीट चालते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभे राहते. हीच गाडी चैत्र-वैशाखात त्याच जागेच्या आसपास रुळावरून उतरत असते. या दोन तक्रारी सहसा वेगळ्या मानल्या जातात. थांबणे हा विजेचा दोष आणि घसरणे हा रुळाचा दोष, असे धरून पहिल्यासाठी रूळ घासले जातात आणि दुसऱ्यासाठी डब्यांची चाके बदलली जातात. कोल्हापूरच्या हवेत मात्र हे बहुधा एकच दुखणे असते, असे माझे मत आहे. त्याचे मूळ रुळांच्या जोडांत आणि त्याखालच्या फळीत असते, त्यामुळे पुसण्याने तात्पुरता आराम पडतो आणि दोष जागच्या जागी राहतो.

उदाहरणासाठी आपलाच मार्ग घेतो, कारण त्याची प्रतिकृती मांडताना आपण जे निर्णय घेतो त्यांतूनच हा दोष कुठे उद्भवेल हे ठरते. कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या या रेल्वेच्या कामाचा प्रारंभ मे १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाला आणि १८९१ मध्ये मिरजेपर्यंत गाडी सुरू झाली. मालकी संस्थानाची होती, पण गाड्या चालवण्याचे काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होते. सुमारे ४७ किलोमीटरचा हा मार्ग १९७१ पर्यंत मीटरगेज होता. ब्रॉडगेज झाल्यावर मुंबईची गाडी थेट कोल्हापुरात येऊ लागली आणि पुण्यात सामानसुमान घेऊन फलाट बदलण्याचा त्रास संपला. कोल्हापूर सोडल्यावर गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर आणि मिरज ही स्थानके आजही त्याच क्रमाने लागतात. वळिवड्याचे नाव निघाले की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे वसलेली पोलंडच्या निर्वासितांची छावणीही आठवणाऱ्याला आठवते, आणि ती बराकींची रांग प्रतिकृतीत दाखवण्याचा मोह कुणालाही होईल.

१:८७ या प्रमाणात ४७ किलोमीटरचे साधारण ५४० मीटर होतात. घरातील खोलीत त्यातले दहा मीटरही मावत नाहीत, म्हणून प्रत्येकजण आठवणीतली दोन-तीन ठिकाणे निवडतो. बहुतेकांची निवड सारखीच असते: शेवटचे स्थानक म्हणून कोल्हापूर, वाघिणी लावण्यासाठी गूळ मार्केटची जादा लाईन, आणि पंचगंगेवरचा रुकडीजवळचा पूल. पूल वेगळा बनवायचा असतो, त्यामुळे तो दोन फळ्यांच्या मध्ये बसवला जातो. खोलीचा कोपराही तिथेच येत असल्याने पुलाच्या अलीकडे किंवा पलीकडे तीव्र वळण द्यावे लागते. म्हणजे फळ्यांचा जोड, पुलाच्या दोन्ही टोकांचे रुळांचे जोड आणि मार्गावरचे सर्वांत तीव्र वळण हे सगळे अर्ध्या मीटरच्या आत एकवटते. गाडी नेमकी रुकडीलाच का अडते, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या मांडणीतच आहे.

आधी दोष रुळाचा की गाडीचा, हे ठरवावे

हातात सोल्डरिंग आयर्न घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक गाडी एकाच जागी अडत असेल, तर दोष रुळात आहे. एकच गाडी मार्गावर कुठेही अडत असेल, तर दोष त्या गाडीत आहे. एकच गाडी एकाच जागी अडत असेल आणि बाकीच्या तिथून सुखरूप जात असतील, तर दोष दोघांच्या जमण्यात आहे, म्हणजे वळणाच्या मानाने डबा लांब आहे किंवा चाकांमधील अंतर सांध्याला (गाडी एका लाईनवरून दुसरीवर वळवणाऱ्या रुळांच्या जागेला) मानवत नाही. ही तिसरी शक्यता सर्वांत जास्त वेळ खाते, कारण गाडीही तपासणीत निर्दोष निघते आणि रूळही.

चाचणी दोन्ही दिशांनी करावी. आपल्या मार्गावर याला खरा आधारही आहे, कारण पुण्याकडून येणाऱ्या कोल्हापूरच्या गाडीला मिरजेत दिशा बदलावी लागते आणि इंजिन दुसऱ्या टोकाला लावले जाते. प्रतिकृतीतही म्हणून तेच इंजिन कधी पुढे तोंड करून, तर कधी मागे तोंड करून धावते. एका दिशेने जाताना न दिसणारी जोडाची पायरी दुसऱ्या दिशेने येताना चाकाला आडवी येते. रूळ डोळ्यांनी पाहण्यापेक्षा जोडावरून बोटाचे टोक दोन्हीकडून फिरवावे. डोळ्याला सरळ भासणारी पायरी बोटाला लगेच कळते. मोबाइल रुळाच्या उंचीवर आडवा ठेवून गाडीचे संथ गतीचे चित्रीकरण केले, तर कोणते चाक आधी उचलले जाते हेही दिसते, आणि घसरलेल्या डब्याऐवजी त्याच्या पुढच्या डब्यात दोष असल्याचे अनेकदा त्यातूनच उघड होते.

जोड उन्हाळ्यात आवळतात, पावसाळ्यात सुटतात

प्रतिकृतीचे रूळ बहुतेक निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचे असतात. त्याची लांबी तापमानाप्रमाणे बदलते: दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे १६ भाग. गच्चीखालच्या खोलीत हिवाळ्याच्या पहाटे १५ अंश आणि एप्रिलच्या दुपारी ४० अंश धरले, तर ३ मीटर लांबीच्या सलग रुळात जवळजवळ १.२ मिलिमीटरचा फरक पडतो. फळीचे गणित याच्या उलट आहे. प्लायवूड उष्णतेने फारसे वाढत नाही, पण दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. आपल्याकडे हे दोन्ही बदल एकमेकांच्या विरुद्ध दिशेने एकाच वेळी होतात. एप्रिल-मेमध्ये हवा तापलेली आणि कोरडी असते, त्यामुळे रूळ वाढतो आणि फळी आकसते. जोडातली फट संपली की रुळाला जागा उरत नाही आणि तो बाजूला किंवा वर किंचित वाकतो. गाडी घसरते ती तिथे. जुलै-ऑगस्टमध्ये हवा गार आणि ओली असते, रूळ आखडतो आणि फळी फुगते. आता तोच जोड ताणला जातो, रुळांना जोडणारी धातूची चिमटी सैल होते, तिच्या आत दमटपणाने गंज धरतो आणि वीज पुढे जाईनाशी होते. गाडी थांबते ती तिथे.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, त्या आठवड्यात आमच्या घरातली लाकडी दारे चौकटीत अडकू लागतात आणि कपाटाचे खण उघडत नाहीत. फळीवरच्या रुळांनी मात्र त्याच दिवसांत जागचे हलू नये, अशी अपेक्षा आपण का करतो, हे मला समजत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत तर खऱ्या मार्गावरची वाहतूकसुद्धा बंद ठेवावी लागली होती.

खऱ्या रेल्वेने जोडाचा हा प्रश्न फार पूर्वीपासून ओळखलेला आहे. १२ मीटरचा पोलादी रूळ ३० अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिलिमीटर वाढतो, म्हणून दोन रुळांच्या मध्ये फट ठेवून ते फिशप्लेटने, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोल्ट लावलेल्या लोखंडी पट्ट्यांनी, बांधले जात. भारतात मीटरगेजच्या रुळाची प्रमाण लांबी १२ मीटर आणि ब्रॉडगेजची १३ मीटर होती. लहानपणी खिडकीशी बसून जो ठेका ऐकत आपण हातकणंगले कधी येते याची वाट पाहत असू, तो या फटींचाच होता. लांबच लांब वेल्ड केलेल्या रुळांवर तो आता ऐकू येत नाही. प्रतिकृतीत तो ठेका आणण्यासाठी काहीजण रुळाच्या माथ्यावर बारीक कानसीने खुणा करतात. १:८७ मध्ये मीटरगेजसाठी त्या १३८ मिलिमीटरवर आणि ब्रॉडगेजसाठी १४९ मिलिमीटरवर येतात. हौस म्हणून ते छान आहे, पण खूण रुळाच्या माथ्यापुरतीच असावी. चाकाची कड जिथून सरकते त्या आतल्या बाजूला ती उतरली, तर आपणच घसरण्याची नवी जागा तयार करतो.

विजेची तपासणी भार लावून करावी

मल्टीमीटर रुळांना टेकवला, १२ व्होल्ट दिसले आणि जोड चांगला आहे असा निष्कर्ष काढला, ही तपासणी अपुरी आहे. मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण दाब दिसतो. इंजिनाने प्रवाह ओढला की मगच तो दाब कोसळतो. म्हणून दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा १० वॅटचा दिवा घ्यावा, त्याला दोन तारा जोडाव्यात आणि तो रुळांवर आडवा ठेवूनच मोजणी करावी. हा दिवा सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे एका इंजिनाच्या सर्वसाधारण गरजेपेक्षा थोडा अधिकच. ट्रान्सफॉर्मरजवळच्या रुळापासून सुरुवात करून एकेका तुकड्यावर दिवा सरकवत जावे. उजेड जिथे एकदम मंदावतो, त्याच्या अलीकडचा जोड दोषी असतो. मोजणीत दोन शेजारच्या तुकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर तो जोड मी पुसत बसत नाही, त्याला वगळूनच टाकतो.

वगळणे म्हणजे वीज पुढे नेण्याचे काम जोडाच्या चिमटीकडून काढून घेणे. फळीखालून १.५ चौरस मिलिमीटरच्या, घरातल्या वायरिंगमध्ये वापरतात त्या तांब्याच्या दोन तारा मार्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याव्यात आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून वीतभर लांबीची ०.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार द्यावी. दोन तारांचे रंग वेगळे ठेवावेत आणि शेवटपर्यंत पाळावेत, नाहीतर शॉर्ट सर्किट शोधण्यात रविवार जातो. सोल्डरचा डाग नेहमी रुळाच्या बाहेरच्या बाजूला द्यावा, कारण आतून चाकाची कड जाते. आयर्न ४० ते ६० वॅटचा पुरे. रूळ आधी कानसीने खरवडून घ्यावा, शेजारच्या प्लॅस्टिकच्या स्लीपरवर ओला कापूस ठेवावा आणि आयर्न टेकवून लगेच उचलावा. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ, राळेचा वापरावा. आम्लाचा फ्लक्स काम पटकन करतो, पण त्याचे अवशेष पुढच्या पावसाळ्यात तार आणि रूळ दोन्ही खातात.

विजेचा प्रश्न असा सुटला की फटी हव्या तशा ठेवता येतात. वळणावरचे जोड डाग देऊन पक्के करावेत, कारण तिथे रूळ कोनात वाकण्याची भीती असते. सरळ भागातले जोड मोकळे ठेवावेत. मार्ग हिवाळ्यात मांडत असाल, तर दर मीटरमागे लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढी फट ठेवावी, आणि मे महिन्यात मांडत असाल, तर रूळ एकमेकांना टेकवून ठेवले तरी चालतात. मोकळ्या जोडांच्या आसपास रूळ फळीला खिळ्यांनी घट्ट ठोकू नये. खडीसाठी वापरलेले फेविकॉलचे पाणी जोडाच्या चिमटीत शिरणार नाही, याकडेही लक्ष द्यावे. बऱ्याच जागी चिमटी गंजण्याआधी या पाण्यानेच बंद झालेली असते.

फळीबद्दल थोडक्यात सांगता येईल. आयएस ७१० चा शिक्का असलेले मरीन प्लायवूड महाग असले तरी कोल्हापुरात तेच घ्यावे, आणि ते घेतल्यावरही दोन्ही बाजू आणि कापलेल्या कडा ऑइल पेंटने किंवा व्हार्निशने बंद कराव्यात. वरची बाजू रंगवून खालची कोरी सोडली, तर एकच बाजू ओल पिते आणि फळी वाकते. कडा विसरल्या जातात, आणि ओल सर्वांत जास्त तिथूनच शिरते. पूल लोखंडी पट्ट्यांचा असेल, तर त्याची दोन्ही टोके फळीला घट्ट बांधू नयेत. एक टोक पक्के करावे आणि दुसरे सरकते ठेवावे. खऱ्या गर्डर पुलाच्याही एका टोकाला सरकते टेकण असते, ते याच कारणासाठी.

आठवणीतली गाडी आणि खोलीतले वळण

जोड दुरुस्त केल्यावरही वळणावर एखादीच गाडी घसरत राहिली, तर ती बहुधा महालक्ष्मी एक्सप्रेस असते. यात गाडीचा दोष नाही. आपल्या आठवणीत ती लांबलचक आहे आणि आपल्याला ती तशीच हवी असते. ब्रॉडगेजच्या आयसीएफ, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, डब्याची लांबी २१.३ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये सुमारे २४५ मिलिमीटर. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान अडीच पट असावी, असा हौशी मंडळींत रूढ असलेला ठोकताळा आहे, आणि दिसायलाही बरे हवे असेल तर तीन पट. म्हणजे या डब्यांना ६१० ते ७३५ मिलिमीटरची त्रिज्या लागते. बाजारात मिळणाऱ्या तयार वळणाच्या रुळांची त्रिज्या अनेकदा ४५० मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावर डब्यांची टोके इतकी बाहेर झुकतात की एकाचे कपलिंग दुसऱ्या डब्याला आडवे खेचते. खोली वाढवता येत नसेल, तर कपलिंग डब्याच्या सांगाड्याऐवजी बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या वळत्या चौकटीला, बसवावे, म्हणजे ते चाकांबरोबर वळते. सरळ रूळ संपून वळण एकदम सुरू न करता मधल्या एक-दीड वितीत हळूहळू वाकवत नेले, तरी पुष्कळ फरक पडतो.

घरी प्लॅस्टिकच्या पत्र्यांतून किंवा पुठ्ठ्यातून केलेले डबे फार हलके असतात, आणि इंजिन ओढू लागले की गाडीच्या मधले डबे वळणाच्या आतल्या बाजूला कलंडतात. अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे या प्रमाणातल्या डब्याचे वजन २८ ग्रॅम अधिक दर सेंटिमीटरला साडेपाच ग्रॅमहून थोडे जास्त असावे. आपल्या आयसीएफ डब्यासाठी ते सुमारे १६५ ग्रॅम होते. वजन शिशाच्या किंवा लोखंडाच्या पट्टीने वाढवावे आणि ती पट्टी डब्याच्या तळाशी, चाकांच्या जितकी जवळ बसेल तितकी बसवावी. संपूर्ण गाडीचे वजन सारखे नसेल, तर हलके डबे इंजिनाजवळ न लावता शेवटी लावावेत.

मीटरगेजचा काळ निवडला, तर वळणाचा प्रश्न बराच सौम्य होतो, कारण जुने डबे आखूड असतात. मीटरगेजची १,००० मिलिमीटर रुंदी १:८७ मध्ये ११.५ मिलिमीटर येते आणि १२ मिलिमीटरच्या रुळांवर ती जवळजवळ बरोबर बसते. स्वित्झर्लंडच्या मीटरगेज मार्गांच्या प्रतिकृतींसाठी या रुंदीचे रूळ आणि चाके तयार मिळतात. ब्रॉडगेजवाल्यांना हे भाग्य नाही: १,६७६ मिलिमीटरचे १:८७ मध्ये १९.३ मिलिमीटर होतात आणि सगळे साहित्य मात्र १६.५ मिलिमीटरचे मिळते, म्हणून आपली महालक्ष्मी थोड्या अरुंद रुळांवर धावते. मीटरगेजचे वायपी वर्गाचे वाफेचे इंजिन घेतले, तर त्याची पुढची चारचाकी बोगी हलकी असते आणि जोडाच्या पायरीवर तीच आधी उडते. तिच्यावर हलकी स्प्रिंग बसवणे किंवा शिशाचा छोटा तुकडा चिकटवणे पुरेसे होते.

चाकांच्या दोन आतल्या बाजूंमधील अंतरही तपासायला हवे. १६.५ मिलिमीटरच्या रुळांसाठी ते सुमारे १४.४ मिलिमीटर असावे. चाके आसावर दाबून बसवलेली असल्याने ती हळूहळू सरकतात आणि नेमक्या सांध्याच्या क्रॉसिंगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, चढतात. शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या लेथवाल्याकडून या मापाचा पितळी ठोकळा करून घ्यावा. काम इतके लहान असते की तो चहाच्या वेळात करून देतो, आणि प्रत्येक वेळी व्हर्निअर लावण्याचा त्रास वाचतो.

गूळ मार्केटचा सांधा

शंटिंगच्या, म्हणजे वाघिणी पुढेमागे करून लावण्याच्या, वेळी इंजिन सर्वांत संथ चालते, म्हणून मुख्य मार्गावर झाकले गेलेले दोष इथे उघडे पडतात. सांध्याच्या क्रॉसिंगचा मधला भाग प्लॅस्टिकचा असेल, तर त्या तुकड्यावर चाकांना वीज मिळत नाही. लांब इंजिन मागच्या चाकांवर तो पार करते, पण शंटिंगचे छोटे इंजिन वाघिणींसह मध्येच अडकते. धातूचे क्रॉसिंग असलेला सांधा घ्यावा आणि त्याची वीज सांधा बदलणाऱ्या स्विचच्या दुसऱ्या संपर्कावरून बदलती ठेवावी. सांध्याच्या सरकत्या पात्यांना मिळणारी वीज नुसत्या टेकण्यावर सोडू नये. त्यांनाही लवचीक तार द्यावी, कारण दमट हवेत त्या टेकण्याच्या जागीच काळा थर धरतो. डीसीसी पद्धतीत, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळे डिजिटल आदेश देण्याच्या पद्धतीत, हा प्रश्न अधिक जाणवतो, कारण क्षणभर वीज तुटली तरी हे आदेश वाचणारा इंजिनातला आवाजाचा डिकोडर पहिल्यापासून सुरू होतो. इंजिनात जागा असेल तर त्यात क्षणभर पुरेल एवढी वीज साठवणारा कपॅसिटर बसवून घ्यावा.

रूळ पुसण्याचे काम उरतेच, फक्त त्याचे महत्त्व कमी होते. पॉलिश पेपर वापरू नये, कारण त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांत मळ अधिक लवकर बसतो. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसावेत, आणि त्याच वेळी इंजिनाची चाकेही पुसावीत, नाहीतर ती स्वच्छ रुळांवर आपला काळा मळ पुन्हा पसरवतात. डब्यांना प्लॅस्टिकची चाके असतील, तर ती धातूची करून घ्यावीत. पावसाळ्यात खोली बंद राहत असेल, तर फळी भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवावी आणि जूनच्या आधी एकदा, गणपतीनंतर एकदा दिव्याची चाचणी मार्गभर घ्यावी. मंद उजेडाचे जोड खडूने खुणावून ठेवले, तर पुढच्या हंगामात शोधायला सुरुवात तिथूनच करता येते.